आतल्या बाजूला हात लावू नये

त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं, याबद्दल सिल्वासात सगळ्यांची मतं पक्की आहेत. शुगर तपासावी, मुलीसाठी स्थळं बघावीत, नाशिकच्या फ्लॅटला रंग द्यावा आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या बाकावर बसून कंपनीला शिव्या घालाव्यात. डोक्यावर लाल टोपी घालून सात वर्षांच्या पोरांबरोबर पाण्यात लाथा झाडणं या यादीत कुठेच बसत नाही. म्हणूनच मी ते केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं कारण आमच्या सायली गावातल्या सगळ्या कारखान्यांना माहीत आहे, तेव्हा तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी कंपनीची सहल दुधनीच्या तलावावर गेली होती. होडीतून उतरताना माझा पाय घसरला, मी पाण्यात पडलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "वाचवा!" एकदा नाही, चारदा. दोनदा मराठीत आणि दोनदा हिंदीत, म्हणजे भाषेमुळे कुणी मागे राहायला नको. काठावर आमच्या दोन शिफ्ट उभ्या होत्या. कुणी हललं नाही. शेवटी डिस्पॅचचा सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "सर, उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी माझ्या बेल्टपर्यंत होतं.

त्यानंतर कॅन्टीनमध्ये माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवतानाही लोक म्हणायचे, "सांभाळून सर, खोल आहे." पावसाळ्यात गेटपाशी डबकं साचलं की कुणीतरी मला हात द्यायला पुढे यायचं. हे मी हसून घेतलं, कारण दुसरं काही घेता येत नव्हतं. मग या वर्षीच्या सहलीची मीटिंग झाली आणि एकमताने ठरलं, पुन्हा दुधनी. हात वर करताना प्रत्येकजण माझ्याकडे बघत होता. त्याच संध्याकाळी मी पोहण्याच्या तलावाचा फॉर्म भरला. सहलीच्या आधी मला पोहता आलंच पाहिजे, असं मी घरी जाहीर केलं. बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, उभं राहायचं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे."

आमच्या तलावात माणसाची पत टोपीवरून ठरते. शिकाऊ लोकांना लाल टोपी. त्यांनी मधल्या दोरीच्या अलीकडे, उथळ बाजूला राहायचं. निळी टोपी मिळाली की दोरी ओलांडून खोल बाजूला जायची मुभा. ही निळी टोपी महिन्याच्या शेवटच्या रविवारी परीक्षेत मिळते. तलावाच्या आडव्या रुंदीत, आपल्या पट्ट्यात, एकदा जायचं आणि एकदा यायचं. मध्ये पाय टेकायचा नाही, पट्टा सोडायचा नाही. परीक्षा घेणारे आमचे कोच इथलेच, दमणगंगेच्या काठच्या पाड्यावरचे. ते नदीत पोहायला शिकले तेव्हा चड्डीसुद्धा ऐच्छिक होती, असं ते स्वतः सांगतात.

तीन महिन्यांत हात मारणं जमलं, पाय जमले, श्वासही बऱ्यापैकी जमला. जमेना ते एकच. चौथ्या श्वासाला गॉगल आतून धुरकट व्हायचा आणि मी सिल्वासातून थेट महाबळेश्वरच्या पॉइंटवर जाऊन पोचायचो. पुढे काही नाही, सगळं पांढरं.

इथे माझा धंदा सांगायला हवा, म्हणजे लाज पुरती कळेल. मी सायलीतल्या एका प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. आम्ही भाजीच्या पाकिटांची फिल्म बनवतो. दुकानातल्या थंड कपाटात ठेवल्यावर त्या पाकिटाला आतून घाम येऊ नये, कोथिंबीर स्वच्छ दिसावी, यासाठी फिल्मच्या आतल्या बाजूला एक औषध असतं. त्याच्यामुळे वाफेचे थेंब होत नाहीत, पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि आरपार दिसतं. म्हणजे धुकं येऊ न देणं, हेच माझं पोट भरण्याचं साधन आहे. या विषयावर मी नव्या पोरांना दीड तासाचं लेक्चर देतो. मशीनवर माझ्याच सहीची पाटी आहे: आतल्या बाजूला हात लावू नये. कारण बोट फिरलं की औषध गेलं. एखाद्या ऑपरेटरने चुकून बोट लावलं तर मी असा ओरडतो की शेजारच्या युनिटमधली माणसं काम थांबवतात.

पहिल्या परीक्षेला मी पाण्यात उतरलो, चौथ्या श्वासाला धुकं आलं, आणि तरी मी हार न मानता जोरात हात मारत राहिलो. या जिद्दीचं पुढे कौतुक होईल असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिरका जात होतो. माझा पट्टा सोडून, मधल्या दोरीखालून, मी खोल बाजूच्या कडेला शिरलो आणि एका मऊ वस्तूवर आदळलो. वस्तू ओरडली, "आंधळा छो के शुं?"

त्या सिल्वासातल्याच आमली भागातल्या निवृत्त गणिताच्या बाई होत्या. गुजराती, साठी उलटलेल्या, रोज सकाळी चाळीस फेऱ्या मारणाऱ्या. सगळा तलाव त्यांना बेन म्हणतो. मी त्यांचा पाय धरला होता, आणि खोल पाणी असल्यामुळे सोडायला तयार नव्हतो.

"भाई, पग छोडो," त्या म्हणाल्या. "आशीर्वाद बाद में देती हूँ."

त्यांनीच मला ओढत काठाला आणलं. कोचनी वहीत माझ्या नावापुढे फुली मारली. मी काठावर बसून नेहमीप्रमाणे पिशवीतून बाटली काढली आणि मऊ फडक्याने गॉगल आतून पुसायला लागलो. आमच्या कारखान्यातली सवय. कुठलीही काच दिसली की आम्ही ती स्पिरिट लावून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसतो. बाकीचे लोक गॉगल नुसता विसळून घालतात याची मला कीव यायची.

बेन बघत होत्या. "रोज ऐसे पोछते हो?"

"रोज. दोनदा," मी अभिमानाने म्हणालो.

"अंदर से?"

"आतूनच तर पुसायला पाहिजे ना, बेन."

त्यांनी कपाळावर हात मारला. त्या हाताचा आवाज मला अजून ऐकू येतो. घरी जाऊन मी गॉगलचा डबा शोधला. त्यात घडी केलेला एक कागद होता, तो मी उघडलेलाही नव्हता. कारखान्यात सूचना न वाचता मशीनला हात लावणाऱ्यांना मी तीन पानी मेमो देतो. कागदावर पहिलीच ओळ होती: काचेला आतून धुकं न येणारा लेप दिलेला आहे, आतल्या बाजूला हात लावू नये.

ती ओळ मी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. मग कागदाची घडी करून तो डाळीच्या डब्यामागे ठेवला, बायकोच्या हाती पडू नये म्हणून. तो तिला दुसऱ्याच दिवशी सापडला, कारण डाळीचा डबा तिचा आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने तो फ्रीजवर चुंबकाने लावला.

शहाण्या माणसाने नवा गॉगल आणला असता. मी आणला नाही. चूक माझी होती, तर ती दुरुस्तही मीच करणार, असा माझा बाणा. जो लेप मी घालवला तो मी परत आणणार. पंधरा दिवस आमच्या स्वयंपाकघरात संशोधन चाललं. टूथपेस्ट लावून बघितली, काचेवर ओरखडे आले. भांडी घासायचा साबण लावला, डोळ्यांत फेस झाला. कुणीतरी सांगितलं, कच्चा बटाटा चोळा. मी चोळत असताना बायको मागे येऊन उभी राहिली.

"रस्सा करू की सुकी?" तिने विचारलं.

"हा प्रयोग आहे."

"तो कळला. मी चष्म्याच्या भाजीचं विचारतेय."

बटाट्याने धुकं थोडं कमी झालं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण पाण्यात पिष्टाचे कण डोळ्यांसमोर पोहू लागले आणि मला सगळा तलाव साबुदाण्याच्या खिचडीसारखा दिसला.

मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. कारखान्यातलं, फिल्ममध्ये घालायचं औषध. कोथिंबीर स्वच्छ दाखवणारं औषध मला तलाव का दाखवणार नाही, असा विचार करून मी दोन थेंब काचांना आतून लावले. पहिली फेरी स्वच्छ गेली. आनंदाने मी पाण्यातच ओरडलो आणि पाणी प्यालो. दुसऱ्या फेरीत डोळ्यांत कुणीतरी लसणीची चटणी घातल्यासारखं झालं. डोळे धुवून, टिपून, लालभडक डोळ्यांनी मी तसाच कामावर गेलो.

आता, सिल्वासा कशासाठी ओळखलं जातं हे आसपासच्या गुजरातेत कुणालाही विचारा. तिकडे दारूबंदी आहे, इकडे नाही. शनिवारी संध्याकाळी इकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यामुळे सकाळी आठ वाजता लाल डोळ्यांनी गेटवर उभ्या राहिलेल्या माणसाची बाजू कुणी ऐकून घेत नाही. आमचा गार्ड दारू तपासायचं, तोंडाने फुंकायचं मशीन घेऊन पुढे आला.

"साहब, फूंकिए."

"अरे, स्विमिंग से आया हूँ."

"हाँ साहब, सब वहीं से आते हैं."

मी फुंकलं. शून्य आलं. त्याने मशीन हलवून बघितलं, पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. मग तो मशीनकडे संशयाने बघत म्हणाला, "इसका सेल गया लगता है." संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरने मला आठवडाभर पाण्यात जायची बंदी केली आणि ते थेंब पुन्हा डोळ्यांजवळ नेलेत तर चष्मा नाही, काठी लिहून देईन, असं बजावलं. औषध मी सोडलं. पोहणं सोडणार नव्हतो.

आठवड्याने परतलो तेव्हा कोच म्हणाले, "साहेब, थुंका."

"काय?"

"गॉगलात. थुंकायचं, बोट न लावता फिरवायचं, तलावाच्या पाण्यात एकदा बुडवायचं, घालायचं. सगळे तेच करतात. बेन पण."

बेननी पलीकडून मान डोलावली आणि प्रात्यक्षिक करून दाखवलं.

हे मला शक्य नव्हतं. किळस येते म्हणून नाही. कारखान्यात गुटखा आणि मावा थुंकण्याविरुद्धची मोहीम माझी आहे म्हणून. जिन्याच्या कोपऱ्यांत मी मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांत पाट्या लावल्या आहेत. नियमही मीच केला: जो थुंकेल तो बादली आणि ब्रश घेऊन ती जागा घासेल, सगळ्या शिफ्टसमोर. आमचा एक एक्स्ट्रूडर ऑपरेटर आहे, म्हणजे प्लास्टिक वितळवून फिल्म काढणाऱ्या मशीनवरचा, शहाद्याकडचा, कामाला वाघ. त्याला मी तीनदा भिंत घासायला लावली. आणि नेमकी त्याची पोरगी आमच्याच लाल टोपीच्या बॅचमध्ये होती. दर रविवारी तो पायऱ्यांवर बसून तिचं पोहणं बघायचा. माझंही बघायचा. मी तिरका गेलो की त्याचे खांदे हलायचे.

त्याच्यासमोर थुंकायचं? मी कोचना म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

कोच म्हणाले, "तत्त्वाला धुकं येत नाही का साहेब?"

दुसरी परीक्षा आली. सहलीला तीन आठवडे उरलेले. त्या सकाळी मी पाण्याच्या कडेला उभा होतो, हातात गॉगल, काचा टूथपेस्टने ओरखडलेल्या, स्पिरिटने सोललेल्या. पायऱ्यांवर तो ऑपरेटर बसलेला, मोबाइल समोर धरून. मला आजवर माझ्यावर हसलेले सगळे आठवले. दोन शिफ्ट, गार्ड, बायको, कपाळावरचा बेनचा हात. आणि एकदम डोकं सटकलं. म्हटलं, हसा. सगळे हसा. पण आज मी दोरी ओलांडणार. मी गॉगल तोंडासमोर धरला आणि थुंकलो. खाकरून, मनापासून, दोन्ही काचांवर.

पायऱ्यांवरून आवाज आला, "सर! काय करून राह्यले सर?"

"पोहतोय!" मी ओरडलो आणि पाण्यात शिरलो.

दिसलं. चौथ्या श्वासाला दिसलं, आठव्यालाही दिसलं. तळाच्या फरश्या दिसल्या, त्यावरची काळी रेघ दिसली, कुणाचातरी केसांचा चाप पडलेला दिसला. चार महिने मी याच पाण्यात होतो आणि तळाला काळी रेघ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्यावरून मी गेलो, वळलो, तिच्यावरूनच आलो. कोचनी माझ्या डोक्यावरची लाल टोपी स्वतः ओढून काढली. दोनचार केस तिच्याबरोबर गेले, पण ते तसेही जाणारच होते.

सोमवारी सकाळी माझ्या केबिनच्या दाराशी एक बादली होती. त्यात पाणी, आणि पाण्यात ब्रश. शिफ्टच्या ग्रुपवर व्हिडिओ रात्रीच फिरला होता, मला सगळ्यात शेवटी मिळाला. त्यात मी थुंकताना इतका ठळक दिसत होतो की मला पाटीवर छापता आलं असतं. खाली लिहिलं होतं: नियम सगळ्यांना सारखा.

पर्सोनेल खात्याचे साहेब धावत आले. "सर, तुम्ही लक्ष देऊ नका. मी बघतो कुणाचं काम आहे."

"कुणाचं ते मला माहीत आहे," मी म्हणालो आणि बादली उचलून शॉप फ्लोअरवर गेलो. मशीनं चालू होती, पण सगळे तिकडे न बघता माझ्याकडे बघत होते. तो ऑपरेटर कंट्रोल पॅनलपाशी उभा होता. मी बादली त्याच्यासमोर ठेवली. तो थोडा चपापला.

"मजाक होती सर. ठेवून द्या."

"तीनदा घासलीस ना भिंत?"

"घासली." मग जरा थांबून तो म्हणाला, "तिसऱ्या बारीला मी नव्हतो सर. मी त्याच्या आधीच मावा सोडेल होता. तुम्ही इचारलंच नाही."

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. भिंत लाल दिसली, तो जवळ दिसला, मी बादली दिली. दीड तास लेक्चर देणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायला वेळ नव्हता. मी खिशातून गॉगल काढला, उकिडवा बसलो आणि ब्रश हातात घेतला.

"सर, आतून नका घासू," तो घाईने म्हणाला. "खराब होईल. बेन सांगत होत्या, आतून हात नाही लावायचा."

"थुंकलो आतून ना? मग घासणार पण आतूनच."

"तिसरी बारी माफ केली सर, राहू द्या."

"तुला केली होती का कुणी?"

नायलॉनचा कडक ब्रश होता, रोलर साफ करायचा. मी दोन्ही काचा घासल्या, सगळ्या शिफ्टसमोर, नियमाप्रमाणे. उरलासुरला लेप काय असेल तो गेला, काचा दुधी बाटलीसारख्या झाल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग कुणी वाजवली हे कळू नये म्हणून सगळ्यांनीच वाजवली. मी उठलो तेव्हा गुडघा कडकन वाजला, त्याला वेगळी दाद मिळाली. उठता उठता मी त्याला म्हणालो, "तिसऱ्या वेळी चुकलो मी." तो म्हणाला, "चालतं सर," आणि पॅनलकडे वळला.

घरी आलो तर बायकोनेही व्हिडिओ बघितला होता, तिच्या भिशीच्या ग्रुपवर. तिने माझ्यासमोर नव्या गॉगलचा डबा ठेवला. "कागद वाचूनच उघडा," म्हणाली.

कागद मी वाचला, तीनदा. तरी रविवारी पिशवीत नवा गॉगल ठेवून मी जुनाच डोळ्यांवर चढवला. थुंकलो नाही, बटाटा नाही, औषध नाही. कोच म्हणाले, "साहेब, पहिल्यांदा खोल पाण्यात जाताय, यातून काय दिसणार?" मी म्हणालो, "दिसायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?" नवा मी सहलीला घालणार आहे, तिथे मला सगळ्यांची तोंडं नीट बघायची आहेत. त्या दिवशी मला वेगळं काहीतरी बघायचं होतं, ते म्हणजे धुकं आलं तर मी काय करतो.

निळी टोपी घालून मी दोरीखालून पलीकडे गेलो. बेननी आपला पट्टा आधीच दोन हात सरकवून घेतला होता. चौथ्या श्वासाला धुकं आलं, ठरल्या वेळी, एखाद्या शिफ्टसारखं. खालची काळी रेघ गेली, फरश्या गेल्या, सगळं पांढरं झालं. मी तिरका जातोय हे मला कळत होतं, किती तिरका ते कळत नव्हतं. तेवढ्यात पायऱ्यांवरून ओळखीचा आवाज आला, पाण्यातूनही स्पष्ट:

"सर! उभे राहा सर!"

सगळा तलाव हसला. मीही हसलो, त्यामुळे नाकात पाणी गेलं. उभं राहायला खाली काही नव्हतं. मी पुढचा हात टाकला.